माळ घातली की दारू सुटते?

राळेगणसिद्धीचं नाव निघालं की आपल्या नगर जिल्ह्यात हमखास ऐकू येतं, "दारुड्याला खांबाला बांधून चोपलं की सुटते." अण्णा हजारे 1975 मध्ये गावी परतल्यावर तिथे पिणाऱ्यांना तसं चोपलं जायचं, हे खरंच. पण त्याच गावाने हातभट्ट्याही बंद केल्या, पाणी अडवलं, शेतीत काम मिळवून दिलं, हे सांगायचं राहून जातं. माझ्या मते दारू हटली ती यामुळे. माराने माणूस लपून प्यायला शिकतो.

दुसरा समज त्याहून घातक. माळ घातली, शपथ घेतली, की त्या दिवसापासून बंद. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय जडलेली असते. ती एकदम तोडली की काही तासांत हात थरथरतात, कप बशीवर वाजतो, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर काहींना भास होतात. माणूस गोधडीवरचे नसलेले किडे वेचत बसतो, दारात कुणी उभं आहे म्हणून ओरडतो. घरचे "बाहेरचं झालं" म्हणत देवऋषाकडे नेतात, आणि उपचाराविना यात जीव जाऊ शकतो. माळ जरूर घालावी, पण आधी डॉक्टर गाठावा. औषधं आणि बी-1 जीवनसत्त्व देऊन हे दिवस सुखरूप पार पाडता येतात.

चहातून गुपचूप गोळी देणं तर मुळीच नको. डायसल्फिरम ही दारू सोडवण्याची गोळी पोटात असताना माणूस दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो.

"बायकोने सांभाळून घेतलं तर सुधारेल," हे सासरचे सांगतात. ती दुकानाची उधारी फेडते, कामावर "ताप आलाय" असा निरोप धाडते, पोरांना गप्प करते. त्याला परिणाम दिसतच नाहीत, आणि ती आतून संपत जाते. आजार त्याचा असला, तरी मारहाण सोसणं हे तिचं कर्तव्य नाही. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे, तो यासाठीच.

आणि सुटलेली दारू पुन्हा लागली, म्हणजे उपचार वाया गेले असं नाही. मधुमेहाची साखर पुन्हा वाढली, तर आपण डॉक्टर सोडत नाही. 14446 या सरकारी हेल्पलाइनवर फोन मोफत लागतो, आणि तो घरच्यांनीही करता येतो.