समुद्रकिनारी मिळालेले उत्तर

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा त्यांना पहिला नकार मिळाला तो ख्रिस्ती राज्यकर्त्यांकडूनच. कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना आधीच देश सोडायला सांगितले होते, आणि मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्यापुढेही त्यांना परत पाठवण्याचाच प्रश्न होता. इंग्लंड-अमेरिका युद्ध सुरू होते. शिवाय धर्मोपदेशाने रयत बिथरेल, ही कंपनीची जुनी धास्ती. बऱ्याच अर्जविनंत्यांनंतर त्यांना राहू दिले गेले. पुढे हॉल यांनी मराठी शिकून उपदेश केला, शाळा चालवल्या, नव्या कराराच्या मराठी भाषांतरासाठी श्रम घेतले. १८२६ साली हा नवा करार छापून निघाला. त्याच वर्षी नाशिककडच्या दौऱ्यात हॉल पटकीने वारले. तेरा वर्षांच्या या कष्टांपुढे बाप्तिस्मे जवळजवळ नव्हतेच.

अशा वर्षांचा अर्थ लावताना श्रद्धाळू लेखक सहसा दोनपैकी एक वाट धरतात: ऐकणाऱ्यांची मने कठीण होती, किंवा तो पेरणीचा काळ होता आणि पीक नंतर यायचे होते. दोन्ही स्पष्टीकरणांत नकार देणारा माणूस मुका आहे. महाराष्ट्रातला पुरावा याच्या अगदी उलट आहे. इथे नाकारणाऱ्याने बोलून, लिहून, छापून आपली कारणे सांगितली. ती कारणे ज्यांनी मन लावून ऐकली, त्यांचीच ख्रिस्तसाक्ष या मातीत खोल गेली, असे मला वाटते.

१८२९ साली मुंबईत आलेल्या जॉन विल्सन यांनी हिंदू धर्मावर टीका केली, तेव्हा मोरभट दांडेकर जाहीर वादाला उभे राहिले आणि १८३१ मध्ये त्यांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक काढले. विल्सन यांनी पुस्तकानेच उत्तर दिले. मग साताऱ्याच्या नारायणरावांनी आणखी एक ग्रंथ लिहिला. १८५७ च्या पहिल्या महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी दर आठवड्याला जमलेल्या लोकांसमोर मिशनऱ्यांशी वाद घालत होते. या चर्चांचा वृत्तान्त पुस्तकरूपाने छापला तो जॉर्ज बोवेन यांनी, म्हणजे वादातल्या प्रतिपक्षाने. बोवेन १८४८ मध्ये मुंबईत आले, मिशनचा पगार सोडून गरिबीत राहिले आणि १८८८ मध्ये इथेच वारले. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून फार थोडे लोक ख्रिस्ती झाले. तरीही त्यांच्याबद्दल या शहरात जो आदर होता, तो मतांतराच्या हिशेबात बसत नाही. आपल्याला नाकारणाऱ्याचे म्हणणे लोकांपर्यंत पोचवणारा प्रचारक दुर्मीळच. तिथे बोवेन मला त्यांच्या काळाच्या पुष्कळ पुढे दिसतात.

यावर पहिला आक्षेप असा, की नकार नेहमी तर्कशुद्ध नव्हता. तो बहिष्काराच्या बळावर उभा होता. हे खरेच आहे. १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि विल्सन यांच्या शाळेतली मुले भराभर काढून घेतली गेली. १८४३ मध्ये मिशनच्या घरात राहिलेल्या श्रीपत शेषाद्री या अल्पवयीन मुलाला कोर्टाने वडिलांच्या हवाली केले. प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घेण्याच्या बाजूने उभे राहिलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनाच सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. पण यात दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. शिकवण न पटणे हा ऐकणाऱ्याचा हक्क आहे. ती ज्याला पटली, त्याला घराबाहेर काढणे हा अन्याय आहे. अन्यायाचा निषेध करताना हक्कही नाकारला, तर सुवार्तिक स्वतःच बहिष्कार घालणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसतो.

दुसरा आक्षेप सत्तेचा. मिशनरी परके, कातडीने राज्यकर्त्यांचे. त्यांच्याशी बरोबरीची चर्चा होती कुठे? नव्हती, आणि म्हणूनच विष्णुबुवांच्या नकाराचे मोल जास्त. जिंकलेल्या लोकांजवळ ‘नाही’ म्हणण्याचा हक्क उरला आहे, हे त्यांनी उघड्यावर सिद्ध केले. ख्रिस्ती वाचकाने यात अपमान पाहण्याचे कारण नाही. लूकच्या शुभवर्तमानात शोमरोनी गाव येशूला थारा देत नाही, तेव्हा आकाशातून अग्नी पाडण्याची भाषा करणाऱ्या याकोब आणि योहान यांना तो धमकावतो आणि दुसऱ्या गावाला निघून जातो. अथेन्समध्ये पौलाचे बोलणे ऐकून कोणी हसले, कोणी पुन्हा केव्हातरी ऐकू म्हणाले, मोजक्यांनी विश्वास ठेवला. पौल त्यांना शाप देत नाही. तो तिथून करिंथला जातो.

सर्वांत गंभीर आक्षेप श्रद्धावंतांचाच आहे: नकाराला इतका मान दिला, तर सुवार्तेची निकड कुठे राहिली? याचे उत्तर मी नारायण वामन टिळकांकडे मागतो. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पहिला नकार घरातूनच आला. पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षे आपल्या धर्मात राहिल्या. त्यांचे मन बदलले ते त्यांच्या स्वतःच्या गतीने. ख्रिस्ती होणे म्हणजे परका होणे, हा समाजाचा आक्षेप टिळकांनी मनावर घेतला आणि ख्रिस्ताला अभंगात, कीर्तनात आणले. ही केवळ युक्ती होती, असे कोणी म्हणेल. तसे असते तर मिशनच्या नोकरीत ती सुखाने चालली असती. टिळकांनी १९१७ मध्ये ती नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. लोक ख्रिस्ताला नाकारत नव्हते, त्याच्याभोवतीच्या परकेपणाला नाकारत होते, हे त्यांना दिसले होते. आणि इतके स्पष्ट दिसायला आधी तो नकार शेवटपर्यंत ऐकून घ्यावा लागतो. दोन वर्षांतच टिळक वारले. बाप्तिस्म्याशिवाय शिष्यत्व कसे, हा मंडळीचा प्रश्न रास्त होता, आणि दरबाराला तो सोडवायला वेळ मिळाला नाही. पण बाप्तिस्मा नको म्हणणाऱ्याशी नाते तोडायचे नाही, एवढे टिळकांनी ठरवले होते, आणि त्यासाठी पगारावर पाणी सोडले होते.