हवेतील अदृश्य पीक

मृगाच्या सरी कोसळल्या म्हणजे धूळ बसते, हवा धुऊन निघाल्यासारखी वाटते आणि उन्हाने तापलेला जीव सुखावतो. परंतु ज्या घरात एखादा दमेकरी आहे, तेथील मंडळींचा अनुभव पुष्कळदा निराळा असतो. कुंद हवेत त्याची छाती भरून येते, रात्री धाप लागते. याचा दोष आपण गारव्यास देतो. तथापि हवेतून वाहणाऱ्या बुरशीच्या बीजकणांचाही त्यात वाटा असू शकतो. त्यांची ओळख वाचकांस करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

शिळ्या भाकरीवर चढणारी बुरशी, ज्वारीवरील काणी आणि गव्हावरील तांबेरा ही सारी एकाच गोतातली. त्यांचे बीजकण डोळ्यांस दिसत नाहीत. पुष्कळसे तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढेच असतात. कलकत्त्यास डॉ. कनिंगहॅम यांनी हवेतील अशा कणांचा अभ्यास १८७३ साली प्रसिद्ध केला. पुढे औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठातील डॉ. एस. टी. टिळक यांनी ते पकडण्याचे यंत्र बनविले. ते हवा आत ओढून घेते व सावकाश फिरणाऱ्या फितीवर आठ दिवसांचे कण टिपून ठेवते. अशा नोंदींवरून ऋतूंचा हिशेब मांडता येतो.

बीजकणांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. एक कोरड्या हवेचा. क्लॅडोस्पोरियम व आल्टर्नेरिया या बुरशींचे कण उन्हाने सुकतात व दुपारच्या वाऱ्याबरोबर उडतात. दुसरा ओल्या हवेचा. कित्येक बुरशी पाणी शोषून फुगतात व त्या दाबाने आपले कण वर फेकतात. कुत्र्याच्या छत्र्यांचे कण दमट रात्री अधिक उधळतात. म्हणून पावसाची जोराची सर हवा धुऊन काढते खरी, पण पाठोपाठ नवे कण सोडले जातात.

२०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, म्हणजे पांढुर्णा व सौंसर या तालुक्यांत, शिवार आणि बाजारपेठ एकमेकांस लागून आहेत. शेतातली हवा शहरातही येते. भाद्रपद-आश्विनात पिके उभी, पाने ओली आणि ऊन कडक असते. बुरशीच्या वाढीस ही हवा फार मानवते. मग सोयाबीन व ज्वारीची मळणी सुरू होते आणि पानांवर वाढलेली बुरशी कुटाराच्या धुळीबरोबर नाकातोंडात जाते.

वारा हे कण किती दूर नेतो, याचे उदाहरण गव्हाच्या तांबेऱ्याचे आहे. मैदानातील उन्हाळ्यात तांबेरा तगत नाही, तो डोंगराळ मुलुखात टिकून राहतो व वाऱ्याबरोबर परत येतो, हे आग्र्याच्या प्रा. करमचंद मेहता यांनी दाखवून दिले. १९४६-४७ च्या हंगामात मध्य हिंदुस्थानातील गव्हाची त्याने मोठी नासाडी केली. हिवाळ्याच्या तोंडावर बंगालच्या उपसागरातील वादळे निलगिरीकडील कण इकडे आणतात व पाऊस ते शेतात उतरवितो, असे पुढे अभ्यासकांस आढळले.

हवेला दार लावता येत नाही. परंतु घरापुरती काळजी घेता येते. मळणीच्या वेळी नाकातोंडावर जाड फडके बांधावे व दमेकऱ्यास खळ्यापासून दूर ठेवावे. धान्य कडकडीत वाळल्यावाचून कोठीत भरू नये. ओले कुटार वा पऱ्हाटी निजण्याच्या खोलीलगत रचू नये. भिंतीवरील बुरशी कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी आणि गळके छप्पर आधी दुरुस्त करावे. डॉक्टरांनी दिलेला औषधाचा फवारा नियमाने घ्यावा. त्याची सवय जडते, ही समजूत खरी नव्हे. धाप वाढून बोलणे कठीण झाले, तर सकाळची वाट न पाहता रोग्यास दवाखान्यात न्यावे.

पेरणीसाठी आपण नक्षत्रे पाहतो. घरातील म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या व लेकरांच्या श्वासासाठीही ऋतूंकडे तितक्याच जाणतेपणाने पाहावे.