‘मोआना’मधली ती समुद्रसफर खरी आहे का?

मागच्या एपिसोडनंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. ‘‘डिस्नेचा ‘मोआना’ पाहिला. जीपीएस नाही, नकाशा नाही, साधं होकायंत्रही नाही, आणि ही माणसं अख्खा पॅसिफिक पालथा घालतात? हे जरा अतिच झालं ना?’’

गंमत म्हणजे, सिनेमातला सगळ्यात खरा भाग तोच आहे.

आधी थोडा भूगोल. नकाशावर हवाई, रापा नुई म्हणजे ईस्टर आयलंड, आणि न्यूझीलंड अशा तीन टोकांचा त्रिकोण काढा. हा पॉलिनेशिया. यात जमीन अगदी थोडी, बाकी सगळं पाणी. सामोआ, टोंगा या पश्चिमेकडच्या बेटांवर माणसं सुमारे 2,800 वर्षांपूर्वी पोचली. मग पूर्वेकडचा प्रवास हजाराहून जास्त वर्षं थांबला. अभ्यासक याला ‘लाँग पॉझ’ म्हणतात. त्यानंतर काही शतकांतच ताहिती, हवाई, रापा नुई आणि शेवटी न्यूझीलंड, सगळीकडे वस्ती झाली.

हा पॉझ का आला? वारे बदलले असतील, होड्या सुधारल्या असतील, असे अनेक तर्क आहेत. ‘मोआना’ची गोष्ट याच रिकाम्या जागेत बसवलेली आहे. गुहेत लपवलेल्या मोठ्या होड्या सापडतात आणि पोरीला कळतं, अरे, आपले पूर्वज तर दर्यावर्दी होते! तो सीन आठवतोय ना?

आता हा सीन तिथल्या लोकांना इतका का भिडला, ते सांगतो. विसाव्या शतकात बाहेरचे विद्वान त्यांना उलटंच सांगत होते. 1947 मध्ये थोर हेयरडाल ‘कॉन-टिकी’ तराफ्यावरून पेरूहून निघाला आणि 101 दिवसांनी पॉलिनेशियात पोचला. त्याचं म्हणणं, इथली माणसं अशीच दक्षिण अमेरिकेतून वाहत आली. 1956 मध्ये अँड्र्यू शार्पने लिहिलं की इतक्या लांबच्या बेटांवरची वस्ती बहुतेक अपघातानेच झाली. म्हणजे थोडक्यात, तुमचे पूर्वज आले नाहीत, भरकटले.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. 1973 मध्ये तीन संशोधकांनी चक्क कॉम्प्युटर सिम्युलेशन केलं. वारे आणि प्रवाहांचा डेटा भरला आणि लाखभर होड्या नुसत्या वाहू दिल्या. हवाई, न्यूझीलंड, रापा नुई इथे वाहत पोचण्याची शक्यता जवळजवळ शून्य निघाली. माणसं ठरवूनच गेली असणार.

पण सिम्युलेशन म्हणजे काही प्रत्यक्ष प्रवास नव्हे. 1976 मध्ये ‘होकुलेआ’ ही जुन्या पद्धतीची जोडहोडी हवाईहून ताहितीला निघाली. अंतर सुमारे 4,000 किलोमीटर, आणि दिशा ठरवायला एकही यंत्र नाही. हवाईत ही विद्या जाणणारं कुणी उरलंच नव्हतं, म्हणून मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटावरून माऊ पियाइलुग यांना बोलावलं. होडी पोचली तेव्हा ताहितीच्या किनाऱ्यावर हजारो लोक जमले होते. 1980 मध्ये त्याच मार्गाने नायनोआ थॉम्पसन या हवाईच्या तरुणाने स्वतः होडी नेऊन परत आणली.

हे जमतं कसं? प्रत्येक तारा क्षितिजावर ठरलेल्या जागी उगवतो आणि ठरलेल्या जागी मावळतो. त्या जागा पाठ, की झालं होकायंत्र. हात लांब करून तारा क्षितिजापासून किती वर आहे ते मोजायचं, म्हणजे उत्तर-दक्षिण आपण कुठे आहोत ते कळतं. सिनेमात मोआना हात उचलते ती याचसाठी. ढग आले तर दूरवरून येणाऱ्या लाटांचा हेलकावा होडीच्या तळातून ओळखायचा. संध्याकाळी ठरावीक समुद्रपक्षी घरी परततात, तिकडे जमीन. आणि निघाल्यापासूनचा वेग, दिशा, वेळ यांचा हिशोब सतत डोक्यात. आपल्या फोनमधला निळा ठिपका ही माणसं मनात सरकवत होती.

म्हणजे डिस्नेने सगळं बरोबर केलं का? नाही. मोटुनुई हे बेट काल्पनिक आहे. सामोआ, फिजी, ताहिती अशा वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे जोडून ते बनवलंय. सल्ल्यासाठी तिथल्या जाणकारांचा एक गट होता, पण शेवटचा शब्द स्टुडिओचाच. माउईच्या कथांमध्ये हिना ही मोठी देवी येते, कुठे आई म्हणून, कुठे बहीण किंवा बायको म्हणून. सिनेमात ती गायब आहे. 2016 मध्ये रिलीजच्या आधीच लहान मुलांसाठी माउईचा पोशाख विकायला आला. सावळी कातडी आणि त्यावर टॅटू छापलेला सूट! तिकडे टॅटू म्हणजे अंगावर कोरलेली वंशाची ओळख. लोक भडकले आणि कंपनीला तो मागे घ्यावा लागला.

आणि ते नारळाचे चाचे, काकामोरा? ती मुळात सॉलोमन बेटांवरच्या लोककथांमधली छोटी माणसं. सॉलोमन बेटं पॉलिनेशियात नाहीत, मेलानेशियात आहेत. शिवाय न्यूझीलंडमध्ये बेटांवरून आलेल्या लोकांना ‘कोकोनट’ म्हणून हिणवलं जायचं. त्या सीनला मीही खळखळून हसलो होतो. हे वाचल्यावर मात्र तसं हसता आलं नाही.

तरी एक गोष्ट खरी. 2017 मध्ये हा सिनेमा माओरी भाषेत डब झाला, पुढच्या वर्षी हवाईयनमध्ये. ज्या भाषा एकेकाळी शाळेत बोलल्या तर पोरांना शिक्षा व्हायची, त्याच भाषांत तिथली पोरं आता थिएटरात बसून ऐकतात की आपले पूर्वज भरकटलेले नव्हते.

तेव्हा मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: समुद्र बोलतो ते खोटं, होडी पोचते ते खरं. आता पुन्हा पाहशील तेव्हा मोआनाच्या हाताकडे बघ आणि ती कुठला तारा मोजतेय ते मला कळव.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!