इंग्रजी व्याकरणाला मराठीचा आधार

चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली मुले पाचवीत इंग्रजी माध्यमात येतात आणि चुकांच्या भीतीने गप्प बसतात. मराठी शाळेमुळेच इंग्रजी कच्चे राहिले, असे मग पेडणे-डिचोलीतील काही पालकांना वाटते. आम्हांला मात्र मराठी उपयोगीच वाटते. नेहमी अडणारे तीन प्रश्न पाहू.

१) 'अ' की 'अॅन'? येथे स्पेलिंग नव्हे, उच्चार पाहावा. पुढचा शब्द देवनागरीत लिहावा. आरंभी स्वर आला तर 'अॅन', व्यंजन आले तर 'अ'. म्हणून 'अॅन अवर', 'अॅन एमएलए'. पण 'अ युनिव्हर्सिटी'.

२) 'सिन्स' की 'फॉर'? मराठीत 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून' दोन्ही चालते, म्हणून गोंधळ होतो. 'तो दोन वर्षांपासून डिचोलीत राहतो' याऐवजी 'तो गेली दोन वर्षे डिचोलीत राहतो' असे म्हणता येते. असा बदल जमला तर तो कालावधी. तेथे 'फॉर टू इयर्स'. 'सोमवारपासून'चे तसे होत नाही. ती सुरुवात आहे. तेथे 'सिन्स मंडे'.

३) 'डिड नॉट वेन्ट' का चुकते? 'गेला नाही' यात भूतकाळ एकदाच, 'गेला' या शब्दात येतो. इंग्रजीतही तो एकदाच यावा. 'डिड'ने तो दाखवला, म्हणून पुढे मूळ रूप: 'डिड नॉट गो'.

विद्यार्थी मित्रांनो, चूक झाली तरी बोला. पालकांनीही चुकीवर हसू नये. नियम मराठीतून समजावून घेण्यात कमीपणा नाही.