चरस, हशीश, रोझिन: फरक नेमका काय?

गांजाच्या मादी झाडाचा फुलोरा भिंगाखाली धरला, तर काचेच्या बारीक टाचण्या टोचल्यासारख्या दिसतात. त्यांच्या टोकांत असते राळ. नशा आणणारं टीएचसी मुख्यतः तिच्यातच असतं. ती वेगळी काढली की झालं कॉन्सन्ट्रेट!

🔸 चरस: ओला फुलोरा तळहातांवर चोळून काढलेली काळपट राळ. हिमाचलातलं मलाणा त्यासाठीच (कु)प्रसिद्ध.
🔸 हशीश: वाळलेला फुलोरा चाळून मिळालेली भुकटी दाबून केलेली वडी. मोरोक्कोत अशीच करतात.
🔸 रोझिन: फक्त उष्णता आणि दाब, द्रावक नाही.
🔸 शॅटर, वॅक्स: ब्युटेनने काढलेले अर्क. घरी करायला जाऊन अमेरिकेत स्फोट झालेत, माणसं भाजलीत.

कॅलिफोर्नियातल्या परवानाधारक दुकानांत फुलांमध्ये टीएचसी साधारण 15 ते 25 टक्के, तर अर्कांत 60 ते 90. तापलेल्या भांड्यावर तांदळाच्या कणीएवढा अर्क ठेवून वाफ ओढतात. अंदाज चुकला की घाबरगुंडी, उलट्या, छातीत धडधड.

आपल्याकडे 1985चा अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदाही हा फरक ओळखतो: ‘व्यावसायिक प्रमाण’ गांजासाठी 20 किलो, चरससाठी अवघं 1 किलो. गुन्हा मात्र दोन्ही. तेव्हा माहिती घ्या, माल नको! 🙏