खाण बंद झाली, रूळ राहिले : वरोऱ्यावरून तिरोड्याकडे बघताना

गोंदिया जिल्ह्यात ना समुद्र, ना कोळशाची खाण. तरी आपला कोळशाशी संबंध आहेच. तिरोड्याच्या वीज प्रकल्पात 660 मेगावॅटचे 5 संच आहेत, एकूण 3300 मेगावॅट, आणि सगळं कोळशावर. या प्रकल्पासाठी ताडोबाजवळच्या लोहारा भागातल्या खाणीचा विचार झाला होता. वाघांच्या जंगलाला लागून असल्यानं ती मंजुरी मिळाली नाही. म्हणजे कोळसा दुसरीकडून आणायचा आणि जाळायचा इथं. अशा प्रकल्पांत बरंच काम कंत्राटावर चालतं. म्हणून कोळशावर उभ्या राहिलेल्या एका जुन्या गावाची गोष्ट ऐका.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यात सरकारी खाण 1871 मध्ये सुरू झाली. कोळसा न्यायला वर्ध्याहून रेल्वे टाकली गेली. 1906 मध्ये खाण बंद. फक्त 35 वर्षं, म्हणजे ज्या पोरानं पहिल्या दिवशी टोपली उचलली असेल, त्याच्या म्हातारपणाआधीच काम संपलं! जिल्ह्यातला कोळसा काही संपला नव्हता. काम बल्लारपूरकडे सरकलं, आणि आजही माजरी परिसरात वेकोलिच्या खाणी आहेत. वरोरा तगला तो कापसाच्या बाजारावर आणि रेल्वेवर. कोळशासाठी टाकलेला तोच मार्ग वाढत गेला, 1929 मध्ये बल्लारशाह ते काझीपेठ जोडलं गेलं आणि दिल्लीहून मद्रासला जायची सरळ वाट झाली. पुढं गावाजवळच बाबा आमटेंचं आनंदवन उभं राहिलं. आज बाहेरच्या माणसाला वरोरा म्हटलं की आनंदवनच आठवतं, खाण नाही.

त्या वेळी मजुराच्या हाती काम सुटल्यावर काय उरत होतं? आता निदान पीएफ आहे. पण त्यात एक मेख आहे. ठेकेदार बदलला की काही ठिकाणी नवा यूएएन नंबर काढला जातो आणि जुनी वर्षं वेगळी पडतात. पीएफच्या पेन्शनला किमान 10 वर्षांची सेवा लागते. 4 वर्षं इथं, 6 वर्षं तिथं, अशी जोडली गेली तर हक्क बनतो; नाही जोडली तर दोन्हीकडे अपुरी. नंबर एकच ठेवा, तो आधारशी जोडा, पगाराच्या पावत्या घरच्या पेटीत जपा, आणि वारसाचं नाव भरलंय का ते घरातल्या बाईलाही माहीत असू द्या. ही कामं मोबाइलवर होतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगितलं तर एका संध्याकाळी ती पासबुक उघडून मागच्या ठेकेदाराची वर्षं त्यात चढलीत की नाही ते दाखवेल.