म्हाताऱ्या मांजराच्या तपासणीचा कागद



घरांतील मांजर दहा-अकरा वर्षांचें झालें म्हणजे तें वृद्ध झालें असें समजावें. त्याचे केस पिकत नाहींत, कीं तें काठी घेऊन चालत नाहीं. म्हणून त्याचें वार्धक्य आपल्या लक्षांत येत नाहीं. सीताबर्डीवरील आमच्या घरीं असेंच झालें. वैशाखाचे दिवस होते, पारा पंचेचाळिसाच्या घरांत गेला होता आणि आमचा बारा वर्षांचा बोका पाण्याचें भांडें पुन्हां पुन्हां रिकामें करीत होता. "उन्हाळाच असा आहे, तो तरी काय करील?" असें म्हणून मीं दोन महिने घालविले. मृग लागला, हवा निवाली, तरी त्याची तहान कमी होईना. तेव्हां रक्त तपासलें. मूत्रपिंडें बहुतेक निकामी झालेलीं होतीं. त्याच पावसाळ्यांत तो गेला. आज मी जें सांगणार आहें, तें त्या चुकीनेंच मला शिकविलें.

तपासणीचा कागद हातीं आला कीं आपण प्रथम आंकड्यापुढील तारका शोधतों आणि ती दिसतांच घाबरतों. परंतु कागदावर छापलेली मर्यादा ठरते कशी? बहुधा शंभर निरोगी मांजरांपैकीं पंचाण्णव जिच्यांत बसतील, ती मर्यादा. म्हणजे उरलेलीं पांच निरोगी असूनही मर्यादेबाहेर पडतात! एका कागदावर वीस तपासण्या असल्या, तर पूर्ण निरोगी मांजराच्या वाट्यासही एखादी तारका यावी, यांत नवल नाहीं. उलट, मर्यादेच्या आंतील आंकडाही नेहमींच निर्दोष नसतो. म्हणून कोणताही आंकडा एकटा वाचूं नये, हा पहिला नियम.

आतां मूत्रपिंडांचा विचार करूं. कारण वृद्ध मांजरांत हाच आजार फार आढळतो. क्रिएटिनिन हा स्नायूंतून निघणारा निरुपयोगी पदार्थ होय. मूत्रपिंडें तो बाहेर टाकतात. परंतु त्यांची शक्ति गरजेहून पुष्कळ अधिक असल्यामुळें, सुमारें तीन-चतुर्थांश शक्ति जाईपर्यंत क्रिएटिनिन मर्यादेंतच राहूं शकतें. रक्त अशा रीतीनें उशिरां बोलतें. लघवी बहुधा आधीं बोलते. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशांतले. थोड्या पाण्यांत भागविणें व लघवी दाट करणें हा त्याचा जातिधर्म. पाण्याची घनता १.००० धरली, तर निरोगी मांजराच्या लघवीची घनता सामान्यतः १.०३५ हून अधिक असते. ती वारंवार १.०२० च्या आसपास येऊं लागली, तर कारण शोधलेंच पाहिजे.

हे दोन आंकडे एकत्र ठेवले म्हणजे अर्थ उलगडतो. क्रिएटिनिन वाढलेलें व लघवी दाट, तर बहुधा शरीरांत पाणी कमी पडलें आहे. क्रिएटिनिन वाढलेलें आणि लघवी पातळ, तर मूत्रपिंडांविषयीं खरी शंका. यासाठीं लघवीचा नमुना रक्ताबरोबरच, आणि सलाईन देण्यापूर्वीं घेतला जावा, असा आग्रह धरावा. सलाईननंतरची पातळ लघवी कांहींच सिद्ध करीत नाहीं.

गेल्या वर्षीं आमच्या तेरा वर्षांच्या मनीचा कागद आला. क्रिएटिनिन १.९, साखर २१०, दोहोंपुढें तारका. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, आतां हिचें कांहीं खरें नाहीं." परंतु लघवीची घनता होती १.०५२ आणि तींत साखर मुळींच नव्हती. डॉक्टर म्हणाले, "घरीं चार दिवस जुलाब झाले, म्हणून पाणी कमी, टोपलींतून आणतांना घाबरली, म्हणून साखर अधिक." मांजराची साखर भीतीनेंही चढते. तरीही शंका उरली, तर फ्रुक्टोसामीन नांवाची तपासणी करतात. ती मागील दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगते. मनीस तिची गरज पडली नाहीं. तीन आठवड्यांनीं क्रिएटिनिन १.५ आलें.

आणखी एक सावधगिरी. मांजर भरपूर खाऊनही वाळत चाललें, तर थायरॉइडची टी-फोर ही तपासणी करावी. ही ग्रंथि अतिरेकानें काम करूं लागली कीं मूत्रपिंडांकडे रक्त जोरानें वाहतें, स्नायूही झिजतात. मग क्रिएटिनिन कमी दिसतें व मूत्रपिंडांचा दोष झांकला जातो. मूत्रपिंडांच्या आजाराच्या पायऱ्या ठरविणारी आयरिस ही तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था १९९८ सालीं स्थापन झाली. तिच्या मतेंही आजाराची पायरी एका तपासणीवरून ठरवावयाची नसते. मांजराच्या शरीरांत पुरेसें पाणी असतांना पुन्हां मोजूनच ती ठरवावयाची असते.

आपल्या नागपुरास १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेव्हां तपासणीची सोय नाहीं, अशी सबब आपणांस नाहीं. दहा वर्षांनंतर वर्षांतून एकदां तरी तपासणी करावी आणि सर्व कागद तारखेवार जपून ठेवावेत. ज्या मांजराचें क्रिएटिनिन ०.९ असे, त्याचें १.५ झालें तर तारका पडणार नाहीं. पण मागील कागद तो फरक दाखवील. लघवीचा नमुना घरीं घेतल्यास तो लगेच पोंचवावा. आपल्या उन्हांत तो लवकर बिघडतो. दरमहा वजन करावें. आणि चार किलोचें मांजर रोज दोनशें मिलिलिटरहून अधिक पाणी पिऊं लागलें, तर उन्हाळ्यास दोष न देतां डॉक्टरांकडे जावें.

मीं तीस वर्षें मुलांचीं प्रगतिपुस्तकें लिहिलीं. एका परीक्षेंतील एका विषयाच्या गुणांवरून मुलगा वाया गेला, असें मीं कधीं म्हटलें नाहीं; आणि पहिल्या चाचणींतच मागें पडूं लागलेल्याकडे दुर्लक्षही केलें नाहीं. मुक्या जिवाचा कागद वाचतांना हीच दृष्टि ठेवावी. मनीच्या पाण्याच्या भांड्यावर आतां मापाची खूण केलेली आहे, आणि ती रोज सकाळीं मी स्वतः पाहतों.